आधी जागा, मग प्रस्ताव

अंबाजोगाईहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची पीएच.डी. वनस्पतिशास्त्रात झाली, विषय तुरीवरचा मर रोग आणि त्याला आवर घालणारी ट्रायकोडर्मा बुरशी. पदवी हातात येऊन चार वर्षं झाली. त्यातली पहिली दोन बाळंतपणात आणि लेकराच्या आजारपणात गेली. नंतरची दोन वर्षं त्या सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. वय ३६. घरचे म्हणतात, बी.एड. करून शाळेत लागा. सहकारी म्हणतात, संशोधनाचा पैसा दिल्लीत ओळख असल्याशिवाय मिळत नाही. एवढा खंड पडल्यावर, कायम नोकरी नसताना, सरकारी निधी मिळायची खरंच शक्यता आहे का, की अर्जांच्या मागे आणखी दोन वर्षं वाया जातील, असं त्यांचं विचारणं आहे. मैत्रिणीचं लग्नामुळे अर्धवट राहिलेलं पीएच.डी. कसं वाचवायचं, हेही त्यांनी विचारलं आहे.

ताई, शक्यता आहे, आणि बरीच आहे. पण तुम्ही पैशाबद्दल विचारताय, आणि माझ्या अनुभवात बाई अडते ती त्याच्या एक पायरी आधी. मी तीसेक वर्षं मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, लहानमोठे चार प्रकल्प केले, काही मुलींना पीएच.डी.ला मार्गदर्शन केलं आणि काही वर्षं स्त्री-शास्त्रज्ञांसाठीच्या योजनांचे प्रस्ताव तपासण्याच्या समितीवर बसले. त्या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. सरकारी संशोधन निधी बाईच्या हातात येत नाही. तो संस्थेच्या खात्यावर येतो. तुमची कल्पना, तुमचं नाव, तुमचे कष्ट, पण प्रस्तावावर संमतीची सही संस्थाप्रमुखाची आणि खातं संस्थेचं. म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा हवा: मला, माझ्या कामाला आणि माझ्या पैशाला कोणती संस्था जागा देईल?

कायम नोकरीवाल्या प्राध्यापकाला हा प्रश्न पडतच नाही, त्याची संस्था ठरलेली असते. सीएचबीवाल्या बाईची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, परीक्षा आल्या की संपते. तिने कुणाच्या लेटरहेडवर अर्ज करायचा? आपल्याकडे बी.एस्सी.च्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त दिसतात, एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तर काही वर्षी मुलं शोधावी लागायची. तरी २०१८ सालच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या संशोधकांत स्त्रिया १६.६ टक्के होत्या. ह्या मुली हुशारीत कमी पडल्या नाहीत. पदवीनंतर त्यांच्या नावापुढे लिहायला संस्थाच उरली नाही.

कमला सोहोनींची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तेव्हा त्या कमला भागवत होत्या, मुंबई विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत वर आलेल्या. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला आणि नंतर अटी घालून, पहिलं वर्ष केवळ अजमावून पाहण्यासाठी, आत घेतलं. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांनी मागितलं होतं ते प्रयोगशाळेतलं एक टेबल, आणि अडवलं गेलं तेही तिथेच. नव्वद वर्षांनंतर तुमच्याबाबतीत नकार असा तोंडावर कोणी देणार नाही. 'बघू, सत्र सुरू होऊ द्या' असं म्हणतील. नुकसान तेवढंच होतं.

आता योजना. तुमच्यासारख्यांसाठीच केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये स्त्री-शास्त्रज्ञ योजना सुरू केली. तीच पुढे किरण आणि आता वाइज-किरण ह्या नावाने चालते. तिच्यातला वाइज-पीडीएफ, म्हणजे पीएच.डी.नंतरची फेलोशिप, हा भाग पीएच.डी. झालेल्या, नियमित नोकरीत नसलेल्या बायकांसाठी आहे, वयाची मर्यादा २७ ते ६०. तुम्ही ३६ म्हणजे उशीर झाला असं मानत असाल तर तो विचार आजच सोडा. वाइज-स्कोप हा दुसरा भाग विज्ञानाचा उपयोग थेट लोकांच्या अडचणीवर करणाऱ्या कामासाठी आहे. तुमचा विषय दोन्हीकडे बसतो. पण प्रयोगशाळेतलं काम जड असेल तर पीडीएफ आणि शेतकरी बायकांच्या गटांबरोबर बियाण्यावर प्रक्रिया करून दाखवणं जड असेल तर स्कोप, असं आधी ठरवा. दोन्ही एकात कोंबलेला प्रस्ताव दोन्हीकडून परत येतो. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर ही २०११ पासूनची योजना आहे, तिथे वयोमर्यादा ५५. कायम नोकरीतल्या बायकांसाठी २०२० मध्ये पॉवर नावाची योजना आली, राज्य विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत आणि आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळांसाठी ६० लाखांपर्यंत. ती आज तुमच्या कामाची नाही, पण नाव लक्षात ठेवा. योजनांची नावं आणि अटी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. मैत्रिणीने गेल्या वर्षी भरलेला फॉर्म बघून भरू नका.

'ओळख लागते' ह्या बोलण्याबद्दल मनापासून सांगते, कारण ह्या एका वाक्याने आपल्या भागातल्या कितीतरी मुलींनी अर्जच केलेले नाहीत. समितीत मोठ्या संस्थेचं लेटरहेड बघून सदस्यांचा आवाज मऊ होताना मी पाहिला आहे, आणि मराठवाड्यातल्या महाविद्यालयाचं नाव आल्यावर 'तिथे हे होईल का?' असा प्रश्न येतानाही पाहिला आहे. तो भेदच आहे, त्याला दुसरं नाव मी देणार नाही. पण मी बसले त्या बैठकांत आमच्याकडचे प्रस्ताव पडले, त्यातले बहुतेक ओळखीअभावी पडले नाहीत. त्यांत प्रश्नच नव्हता म्हणून पडले. 'अमुक वनस्पतीच्या अर्काचा अमुक जिवाणूंवरील परिणाम', असे वीस प्रस्ताव एका ढिगात असायचे. सदस्याला एका अर्जासाठी दहा-पंधरा मिनिटं मिळतात. पहिल्या पानावर त्याला कळलं पाहिजे की हे काम ह्याच बाईने आणि ह्याच जागी का करायचं.

तुमच्याकडे ह्याचं उत्तर तयार आहे, तुम्हाला ते दिसत नाही एवढंच. बाजारात मिळणारी ट्रायकोडर्माची पावडर कुठल्या मातीतल्या बुरशीपासून बनलेली असते? ही बुरशी मुळात आम्लधर्मी जमिनीत खुलते. आपली काळी, चुनखडीची जमीन अल्कधर्मी, सामू म्हणजे पीएच आठच्या आसपास. म्हणून शेतकरी म्हणतो, 'पुडी टाकली, काही फरक पडला नाही', आणि त्याचं खरं असतं. तुम्ही केज, धारूर, अंबाजोगाईच्या शेतांतून स्वतः वेगळ्या केलेल्या बुरश्या ह्या मातीत जगूनच तुमच्यापर्यंत आल्या आहेत. त्यातल्या कोणत्या आठ सामूला टिकतात, आणि बीएसएमआर-७३६ किंवा बीडीएन-७११ सारख्या मरला दाद न देणाऱ्या वाणांच्या शेतातही जी रोपं वाळतात त्यांच्यातली फ्युजेरियम, म्हणजे मर रोग घडवणारी बुरशी, वेगळी आहे का, असे दोन नेमके प्रश्न घ्या. हे वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राचे, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे, तुमच्यापासून काही तासांवर. दिल्लीतल्या प्रयोगशाळेला ह्या मातीपर्यंत पोचायला रेल्वेचं तिकीट काढावं लागेल, तुम्हाला ती पायाखाली आहे.

उपकरणं थोडीच मागा. छोट्या संस्थेतून डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र मागितलं की 'हे चालवणार कोण, दुरुस्त कोण करणार' हा प्रश्न येतोच. जनुकीय ओळख पैसे देऊन बाहेरून करून घ्या आणि तेवढी रक्कम त्या शीर्षाखाली दाखवा. ट्रायकोडर्माची जात ठरवायला आयटीएस हा डीएनएचा एकच तुकडा तपासून पुरत नाही, टेफ-१ जनुकाचा क्रमही लागतो, त्याचा खर्च विसरू नका. इन्व्हर्टरची तरतूद मात्र न लाजता करा. वीज जाते हे लिहायला आपल्या लोकांना कमीपणा वाटतो आणि मग इन्क्युबेटरमधलं महिन्याचं काम एका रात्रीत बिघडतं.

खंडाबद्दल दोनच वाक्यं लिहा. तारखा द्या: अमुक महिना ते अमुक महिना, प्रसूती आणि अपत्यसंगोपन. माफी मागू नका, करुण सूर लावू नका. ह्या योजना मुळात खंड पडलेल्या बायकांना परत आणण्यासाठीच सुरू झाल्या, खंड हा तिथे दोष धरत नाहीत. त्या काळात एखादा शोधनिबंध सुधारून पाठवला असेल, शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया शिकवली असेल तर तेही लिहा. मुलाखतीत कुणी विचारेल, 'लेकरू लहान आहे, जमेल का?' आमच्या एका बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा मी मधे बोलले की हा प्रश्न आज सकाळपासून एकाही पुरुषाला विचारलेला नाही. पण प्रत्येक समितीत मधे बोलणारं कोणी असेलच असं नाही. तुम्ही सरळ कामाच्या वेळापत्रकावर या: 'जून ते ऑगस्ट कुंडीतले प्रयोग, नोव्हेंबर-डिसेंबर शेतातले नमुने, जानेवारीपासून प्रयोगशाळा.' सासूबाई सांभाळतील, मिस्टर सहकार्य करतात, हे तिथे सांगायचं कारण नाही.

पैसा मंजूर झाल्यावर काय होतं, तेही आत्ताच ऐका, कारण बायका तिथे जास्त मोडतात.

निधी हप्त्यांनी येतो. पहिला हप्ता खर्च झाला की खर्चाचं विवरण आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, ज्याला सगळे यूसीच म्हणतात, ते सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात संस्थेने द्यायचं. ते पोचलं, तपासलं गेलं, की पुढचा हप्ता. कागदावर हे अगदी रास्त आहे, सरकारी पैशाचा हिशोब हवाच. पण ते यूसी तयार करतो महाविद्यालयाचा लेखापाल, आणि त्याच्या टेबलावर तेव्हा शिष्यवृत्त्या, पगारबिलं आणि विद्यापीठाचं ऑडिट एकदमच पडलेलं असतं. २०१६ मध्ये माझ्या एका प्रकल्पाचं यूसी सात महिने अडलं. एका व्हाउचरवर जुनी तारीख होती, ते परत, मग सीएची सही, मग प्राचार्य रजेवर. सगळं जुळून कागद गेले तर निधी देणाऱ्या कार्यालयातून आणखी चार महिने उत्तर नाही.

त्या प्रकल्पावर एक मुलगी संशोधन साहाय्यक होती, हिंगोली जिल्ह्यातली, घरातली पहिलीच पदवीधर. महिना २५,००० रुपये फेलोशिप, जी अकरा महिने आली नाही. त्याच वेळी शेजारच्या विभागात एका मुलाचीही फेलोशिप अडली होती. त्याच्या वडिलांनी सोयाबीन विकून त्याला खोलीभाडं पाठवलं, 'आज ना उद्या मिळेल' म्हणाले. हिच्या वडिलांनी पाच महिने वाट पाहिली आणि सहाव्या महिन्यात मोटारसायकलवर तिला न्यायला आले. मी त्यांना माझ्या घरी जेवायला बसवलं, समजावलं, माझ्याकडून पैसे देते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताटावरून न उठता एवढंच विचारलं, 'मॅडम, सरकार पगारच देईना, मग मी भावकीला काय सांगू, पोरगी तिथं काय करतीय?' ती दुसऱ्या दिवशी गेली. तिची प्रयोगवही अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर शनिवारच्या नोंदी आहेत, सोमवारच्या नोंदींसाठी तक्ता आखून ठेवलेला आहे, आणि तो रिकामा आहे. उशीर दोघांच्याही पैशाला तेवढाच झाला होता. मुलाच्या घरी त्याला सरकारी दिरंगाई म्हटलं गेलं. मुलीच्या घरी तिच्या बाहेर राहण्याचं कारणच संपलं.

म्हणून मी निधी आणि स्त्रिया हे दोन वेगळे विषय मानत नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपची, महिन्याची रक्कम ३७,००० झाली, ते चांगलंच झालं. पण मला विचाराल तर रक्कम दोन हजारांनी कमी असली तरी चालेल, ती दर महिन्याच्या ठरावीक तारखेला खात्यावर पडली तर मराठवाड्यातल्या कितीतरी मुली टिकतील.

तुम्ही स्वतः काय करू शकता? पहिल्या महिन्यापासून दर महिन्याचा हिशोब स्वतःच्या वहीत ठेवा. प्रत्येक बिलाची छायाप्रत काढा, कोणत्या शीर्षाखाली किती उरले ते लिहा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात यूसीचा कच्चा मसुदा स्वतः टाइप करून लेखापालाच्या हातात द्या. हे तुमचं काम नाही, मला ठाऊक आहे. पण जी बाई हे करते तिचा हप्ता आधी येतो. वर्षअखेरीला न खर्चलेली रक्कम हातातून जाऊ शकते, म्हणून खरेदी जानेवारीतच उरकून घ्या.

आणखी एक अडचण खास आपल्या विषयाची आहे. सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च, तुरीचं वर्ष जून ते जानेवारी. मर रोग नीट ओळखू येतो तो पीक फुलोऱ्यात आल्यावर, खोडावर खालून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो, साल सोलली की आत तपकिरी रेघा. पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर शेतात फक्त धसकटं. तीन वर्षांच्या प्रकल्पात तुरीचे हंगाम तीनच, आणि पहिला असा हुकला तर हातात दोन. म्हणून पहिल्या वर्षाचं काम असं लिहा की ते हंगामाशिवायही सुरू होईल: हाताशी असलेल्या बुरश्यांची सामूवर चाचणी, कुंडीतले प्रयोग, धसकटांतून फ्युजेरियम वेगळी करणं. ती बुरशी जमिनीत आणि धसकटांत काही वर्षं तग धरते, ह्याचा इथे फायदाच होतो.

आता जागा. तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात: अंबाजोगाईतलंच एखादं महाविद्यालय, लातूरची संस्था, किंवा परभणीचं कृषी विद्यापीठ. नाव परभणीचं मोठं आणि विषयही त्यांचाच. पण कोणती वाट घ्यायची हे पूर्णपणे तुमच्या घरावर अवलंबून आहे. लेकरू चार वर्षांचं असताना रोज परळीला जाऊन परभणीची गाडी पकडणं दोन महिने जमेल, तीन वर्षं जमणार नाही. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे लातूर खिशाला परवडेल, तरी रोजचे तीन तास जातीलच. मला विचाराल तर यजमान संस्था लातूर किंवा अंबाजोगाई आणि मार्गदर्शक किंवा सहकार्य परभणीचं, अशी जोडणी करा. तुमचे पीएच.डी.चे मार्गदर्शक चांगले असतील तर त्यांनाही विचारा. पण त्यांच्या जुन्या कामाचाच पुढचा भाग म्हणून प्रस्ताव जाणार असेल तर नको. समिती लगेच विचारते, ह्यात तुमचं स्वतःचं काय?

संस्थाप्रमुखांना भेटायला जाल तेव्हा हातात दोन पानांचं टिपण असू द्या, नुसतं 'सर, एक योजना आहे' असं जाऊ नका. संस्थेला ह्यातून काय मिळतं तेही सांगा: उपकरणं प्रकल्पानंतर सहसा त्यांच्याकडे राहतात, नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी निधीचा आकडा दाखवता येतो. मग तुमचे प्रश्न स्पष्ट विचारा. प्रयोगशाळेची किल्ली मला मिळेल का? सुट्टीत आणि पाचनंतर आत जाता येईल का? सरकारी पैसा ज्यातून येतो त्या पीएफएमएस ह्या ऑनलाइन प्रणालीवर संस्थेची नोंदणी आहे का? आधीच्या कुणाच्या प्रकल्पाचं यूसी अडलेलं आहे का? हा शेवटचा प्रश्न लेखापालाला वेगळा विचारा, तो खरं सांगेल. आणि बायकांचं स्वच्छतागृह स्वतः उघडून पाहा. तिथे रोज आठ तास काढायचे आहेत, हे पाहण्यात संकोच कसला?

घरच्या पैशाचा विचार सगळ्यात आधी पक्का करा. अशा फेलोशिप पूर्णवेळ असतात, सीएचबी सोडावी लागेल. मंजुरीचं पत्र आणि पहिला पैसा ह्यांत सहा महिने जाऊ शकतात. पत्र आल्याबरोबर सीएचबी सोडू नका, रुजू होण्याच्या तारखेपर्यंत शिकवा. तेवढे सहा महिने घर कसं चालेल, हे नवऱ्याबरोबर बसून कागदावर मांडा. बचतगटातून, सोसायटीतून, माहेरून, जिथून असेल तिथून, पण आधी. सहाव्या महिन्यात ती मुलगी गेली, कारण तिच्या घरी असा कागदच कुणी मांडला नव्हता, आणि मीही त्यांना तो मांडायला सांगितलं नव्हतं. ह्याची रुखरुख मला आजही आहे.

बी.एड.बद्दल घरच्यांवर रागावू नका, त्यांना महिन्याचा पगार दिसतो आणि ते बरोबर आहे. उद्या लेकराच्या तब्येतीमुळे प्रयोगशाळा अशक्य झाली तर वाइज-आयपीआर हाही मार्ग आहे, एक वर्षाचं पेटंटविषयक प्रशिक्षण. त्यातून पेटंटच्या क्षेत्रात काम करता येतं आणि बरंचसं काम घरून होतं. मात्र प्रकल्प मिळाला तर तीन वर्षांनंतर नोकरी लागेलच, असं मी सांगणार नाही. शोधनिबंध, स्वतःच्या नावावर निधी आणि प्रयोगशाळा चालवण्याचा अनुभव हातात येईल. कायम पदांची भरती निघाली तर त्याचं वजन पडतं. भरती कधी निघेल हे ना तुमच्या हातात, ना माझ्या.

मैत्रिणीला सांगा की तिचं पीएच.डी. मेलेलं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाचं साहित्य नव्या विद्यापीठात नेता येतं. फक्त ते काम आधीच्या संस्थेच्या किंवा मार्गदर्शकाच्या निधीप्राप्त प्रकल्पातलं नसावं, आणि झालेल्या कामाचं श्रेय जुन्या मार्गदर्शकाला आणि संस्थेला द्यावं लागतं. विद्यापीठातला कारकून 'असं काही नसतं' म्हणेल. नियमाची छापील प्रत सोबत न्या, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

हे सगळं एकट्या बाईच्या हुशारीवर सोडायचं का, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही येतं. २०२०-२१ मध्ये देशाने संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च केला. त्या एवढ्याशा रकमेतून आयआयटी आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा घेतात ते घेतात, आणि तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत ओल पोचते तेवढीच. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्यात सरकारचा वाटा १४,००० कोटी, बाकी बहुतेक खाजगी उद्योगांकडून अपेक्षित. उद्योग पैसा घालतील तो त्यांना हव्या त्या विषयांत. तुरीच्या मर रोगासाठी आणि अंबाजोगाईच्या बाईसाठी सरकारी पैसाच लागणार आहे. तो वेळेवर यावा, म्हणून आपण बोललं पाहिजे, लिहिलं पाहिजे. तुम्ही मात्र तोवर थांबू नका.

प्रस्तावाला हात घालण्याआधी एक काम ह्याच आठवड्यात करा. तुमच्या पीएच.डी.च्या बुरश्या कुठे आहेत? १९९६ मध्ये मी बाळंतपणाच्या रजेवर असताना आमच्या विभागातल्या कुणीतरी मेच्या सुट्टीला जाताना मेन स्विच बंद केला. जूनमध्ये मी फ्रीज उघडला तेव्हा चाळीस नळ्यांतला आगर, म्हणजे बुरशी वाढवायची जेली, सुकून काचेपासून सुटला होता. तीन वर्षांचं काम गेलं, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. रजेवर गेलेल्या बाईच्या नळ्यांना कुणी वाली नसतो. तुमच्या नळ्या चार वर्षं विभागाच्या फ्रीजमध्ये असतील तर उद्याच जा. प्रत्येक नळीतलं थोडं बटाटा-डेक्स्ट्रोज आगरच्या ताज्या प्लेटवर टाका, तारीख आणि गावाचं नाव लिहा. जिवंत ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसांत प्लेट भरते आणि मग हिरवी पडते. जेवढ्या उठतील त्यांच्या दोन-दोन प्रती करा, एक संच तुमच्याजवळ आणि निवडक बुरश्या सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या राष्ट्रीय संग्रहात, पुण्याच्या एनसीआयएममध्ये किंवा उत्तर प्रदेशातल्या मऊ इथल्या एनएआयएमसीसीमध्ये, जमा करा. तिथला क्रमांक प्रस्तावात लिहिता येतो. किती प्लेटा हिरव्या झाल्या ते मला कळवा, प्रस्तावाचं पहिलं पान आपण त्या आकड्यापासून लिहू.